चाफ्याला टांगलेल्या पिशव्या

धारगळला हायवेच्या कडेला आमची नर्सरी आहे. बोर्डावर चांगलं लांबलचक नाव रंगवलंय, पण ते कोणी वाचत नाही. 'चाफेवालीकडे' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो. मी आंबा, काजू, मिरवेल, जायफळ सगळंच विकते. नाव मात्र झालं ते सोनचाफ्यामुळे. आमच्याकडे नुसतं 'चाफो' म्हटलं की निम्म्या लोकांना देवळाजवळचा पांढरा चाफा आठवतो, जाड फांद्यांचा, चीक गळणारा. तो बिचारा फांदी तोडून कुठेही खोचली तरी जगतो. त्याला माझी गरज नाही. सोनचाफ्याला आहे, आणि म्हणून माझी चूल पेटते.

ही विद्या मी माहेरून आणली. सावंतवाडीच्या बाजूला माझे वडील कलमं बांधायचे आणि आम्हा मुलींना सुरी हातात द्यायचे, कारण मुलगे सुरी घेऊन कैऱ्या कापत बसायचे. लग्न होऊन गोव्यात आले. आमचे हे डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद झाल्या तेव्हा ते घरी बसले आणि माझ्या आमटीत मीठ कमी की जास्त यावर रोज निकाल देऊ लागले. शेवटी मी म्हटलं, ट्रक गेला तर टेंपो चालवा, माझी रोपं तरी पोचवा. ते पटल्याचं त्यांनी अजून तोंडाने कबूल केलेलं नाही, पण टेंपो रोज पुसतात.

आता गोष्ट सांगण्याआधी चाफ्याबद्दल थोडं सांगायला हवं. सोनचाफा बियेपासून होतो, पण ते झाड मोठं होऊन फुलेपर्यंत लावणाऱ्याचे केस पांढरे होतात. वर फूल आईसारखं निघेल याची खात्री नाही. म्हणून कलम. खाली बियेचं रोप, ते मुळं पुरवणार. वर फुलणाऱ्या झाडाची फांदी, ती फुलं देणार. दोघांची जिथे गाठ बांधलेली असते तिथे लक्ष ठेवायचं, कारण गाठीच्या खालून जे फुटवे येतात ते बियेच्या रोपाचे. ते दिसले की खुडायचे. एवढं एकच मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, आणि प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावून घरी जाऊन विसरतं.

पेडण्याचे एक गृहस्थ दर चवथीच्या आधी येऊन मला जाब विचारायचे. झाड घराच्या कौलांपर्यंत गेलं, फूल नाही! एकदा मी स्वतः जाऊन बघितलं. खालचे फुटवे जोमदार दिसले म्हणून त्यांनी ते वाढवले होते आणि वरचं नाजूक कलम 'रोगट' म्हणून छाटून टाकलं होतं. मी म्हटलं, 'काका, तुम्ही नवरदेवाला हाकलून वऱ्हाडाला जेवायला घातलंत.' ते खूप हसले. नवं कलम नेलं नाही, कारण त्या झाडावर बुलबुलांनी घरटं केलं होतं. अजूनही दर चवथीला येतात आणि फूल आलं नाही म्हणून सांगून जातात. मी चहा देते.

मोरजीच्या एका हॉटेलच्या मॅनेजरची तऱ्हा वेगळी. त्याने दारात दोन चाफे लावून घेतले आणि ऐन बहरात फोन केला, की पाहुण्यांना सकाळी नाश्त्याला वास येतो, तर संध्याकाळपुरता वास देणारा चाफा बदलून मिळेल का. मी म्हटलं, 'चाफ्याला ड्युटी लावता येत नाही.' त्याने शेवटी नाश्त्याची टेबलं हलवली. मुलगा शहाणा.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. पण मी दिवाळी अंकात लिहायला बसले ती सुलूवयनीसाठी.

डिचोलीपासून आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्यातली सगळी माणसं अजून धडधाकट आहेत आणि अंक वाचतात. श्रावण सरता सरता एक दिवस पासष्टीची एक बाई बसमधून उतरली, छत्री मिटून थेट माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तूंच गो ती चाफेवाली?"

"हो."

"माका झाड विकत नाका. झाड माझ्या घरा आसा. तां मरूंक नाका, इतक्यांच कर."

ही सुलोचना वयनी. गावात सगळे सुलूवयनी म्हणतात. तिच्या अंगणाच्या कडेला जुना सोनचाफा होता. त्या गावच्या देवळात कौल लावतात तो याच चाफ्याच्या पाकळ्यांनी. ज्यांना ही चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. लग्न जुळवण्यापासून विहीर खणण्यापर्यंत गाव देवाला विचारूनच पाऊल टाकतं. त्या पाकळ्या देण्याचा मान सुलूवयनीच्या घराचा. लग्न होऊन आल्यावर सासूने परडी हातात दिली ती तेव्हापासून तिच्याच हातात.

आणि आता रस्ता रुंद होणार होता. चाफा बरोबर मधे येत होता. दसरा झाला की काम सुरू.

"झाड गेलां की मान वयल्या घराक जातलो," ती म्हणाली. वयलें घर म्हणजे तिच्या घरामागच्या चढावरचं घर, वासुदेवाचं. त्यांच्या आवारात पलीकडच्या बाजूला एक चाफा होता, बियेचा, फिक्या फुलांचा. मागे कधीतरी मानावरून दोन घरांत वाजलं होतं, तेव्हापासून येणं-जाणं नाही. "माझ्या हातांत आसताना मान गेलो म्हणान लोकांनी सांगूंक नाका."

मी जाऊन झाड बघितलं. उचलून दुसरीकडे लावणं शक्यच नव्हतं. चाफ्याची मुळं मांसल असतात, त्यांना हात लावलेला खपत नाही. एवढं जुनं झाड उपटलं की ते मेलं म्हणून समजावं. मी काड्या कापून आणल्या आणि इथे नर्सरीत रोपांवर बांधून बघितल्या. एक म्हणून धरली नाही. जुन्या झाडाची काडी कापली की तिच्यात दम राहत नाही. तेव्हा उरला एकच मार्ग, माझ्या वडिलांचा आवडता आणि आता कोणी सहसा करत नाही असा. भेटकलम.

त्यात फांदी झाडापासून कापायचीच नाही. रोपच पिशवीसकट झाडावर न्यायचं. रोपाची आणि फांदीची साल थोडी थोडी सोलायची, जखमेला जखम लावायची आणि आवळून बांधायचं. दोन-अडीच महिने फांदी आईचंच दूध पीत राहते आणि तेवढ्यात रोपाशी एकजीव होते. मग हळूहळू आईपासून तोडायची. कोवळ्या फांद्या होत्या वर, म्हणून बांबूंचा माळा बांधला. चवथीचे गणपती पोचवल्यावर आमच्या ह्यांनी टेंपोतून रोपं आणली आणि मी गुडघ्यांना शिव्या देत वर चढून ती बांधली. झाडाला पिशव्या टांगलेल्या बघून गावातली पोरं म्हणाली, सुलूवयनीच्या चाफ्याला नारळ लागले.

गुरवाला मात्र शंका आली. तो खाली उभा राहून विचारू लागला, "ह्या कलमाचीं फुलां त्याच झाडाचीं म्हणूंचीं काय दुसऱ्या?"

मी म्हटलं, "मुळं दुसऱ्याची. बाकी फांदी, पान, फूल सगळं ह्याचंच."

त्याने विचार केला. "म्हणजे दत्तक. दत्तकाक मान चलता." आणि समाधानाने निघून गेला. एवढा मोठा प्रश्न इतक्या झटपट सुटलेला मी तरी पाहिला नाही.

पण हिशेब जुळत नव्हता. कलमं तयार व्हायची तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला आणि मशीन यायचं दसऱ्यानंतर. मधले दिवस कोण देणार? कंत्राटदाराचा माणूस भला होता, पण त्याच्याही डोक्यावर कोणीतरी होतं. तो म्हणाला, फार तर एक आठवडा. पिशव्या तेव्हा काढल्या असत्या तर कलमं गेली असती. मी वयनीला तसं स्पष्ट सांगितलं. तिने पाववाल्या पोदेराकडून घेतलेले उंडे पाव आणि चहा समोर ठेवला आणि म्हणाली, "देवाक विचारुया."

दसऱ्यानंतर जेसीबी आला. चालवणारा महादेव दोडामार्गचा, आमच्या ह्यांच्या ओळखीचा निघाला. झाड देवाचं आहे आणि कौल अजून लागायचाय एवढं ऐकल्यावर त्याने किल्ली काढून खिशात टाकली. "माझ्या घरात पोरांबाळां आसत. कौल येऊंदे, मगे बगूया." साहेबाचे फोन येत राहिले. महादेव फोनवर 'होय सायबा' म्हणायचा आणि दुसऱ्या टोकाचं गटार खणायला जायचा.

सोमवारी कौल लावला. मीही गेले. झाड तोडायला देवाची परवानगी आहे का, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. सगळे पाकळ्यांकडे डोळे लावून बसले. पाकळी पडेना. ना उजवी, ना डावी. घाम पुसून पुसून गुरवाचा पंचा ओला झाला, तरी पाकळ्या आपल्या जागी. शेवटी गुरव म्हणाला, "देव बोलना. फुडल्या सोमवारीं."

पुढल्या सोमवारीही देव बोलला नाही.

आता फुलात आयुष्य गेलेलं माझं. सोनचाफ्याच्या बाहेरच्या पाकळ्या रुंद आणि ताठ असतात. पाषाणावर लावल्या की पाणी सुकता सुकता त्या सुटतात. आतल्या पाकळ्या अरुंद, पातळ. भिजवून लावल्या तर दगडाला अशा बिलगतात की नखाने काढाव्या. त्या सोमवारी परडीतल्या पाकळ्या मी जवळून बघितल्या. सगळ्या आतल्या होत्या. मी सुलूवयनीकडे बघितलं. ती डोळे मिटून हात जोडून उभी होती, चेहऱ्यावर इतकी भक्ती की मलाच लाज वाटली. गुरवानेही पाकळ्या हातात घेतल्याच होत्या, त्यालाही काही दिसत नव्हतं असं थोडंच आहे? पण तो मुकाट्याने गाऱ्हाणं घालत राहिला. देव आणि सुलूवयनी यांच्यातलं मी काय सांगणार? चाळीसेक वर्षांची त्यांची ओळख.

मधल्या काळात पिशव्यांना रोज पाणी घालायचं काम वयनी स्वतः करत होती. शिडी लावून, पदर खोचून, हातात कळशी घेऊन ती वर चढायची. मी ओरडले की म्हणायची, "मी पडलंय तर पडलंय. तू कलम बग." आणि नेमके तिचे यजमान तात्या आजारी पडले. मुलगा म्हापशाला राहतो, तो दोघांना गाडीत घालून घेऊन गेला. मला हे कळलं तेव्हा मधे पाच-सहा दिवस गेले होते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं की पिशवीतली माती दोन दिवसांत चुरा होते. मी ह्यांना टेंपो काढायला लावला. कलमं गेली हे मी मनात धरूनच चालले होते, आणि वयनीला कोणत्या तोंडाने सांगायचं तेच शोधत होते.

पोचले तर शिडीवर माणूस. वासुदेव. वयल्या घरचा. हातात बाल्दी आणि नारळाची करवंटी, एकेका पिशवीत बेतानं पाणी घालत होता. मला बघून त्याला चोरी पकडल्यासारखं झालं.

"तुम्ही?" मी म्हटलं. "हे मेलं तर मान तुमच्याकडेच येणार होता."

तो खाली उतरला. हात लुंगीला पुसत म्हणाला, "मान वेगळो, झाड वेगळां. तान्हेन मरता तां बगूंक जायना." मग बाल्दी उचलत, "वयनीक सांगूं नाकात."

मधला सोमवारही होऊन गेला होता. वयनी नसताना पाकळ्या कोणी दिल्या, मी विचारलं. वासुदेवानेच, त्याच झाडाच्या. आणि देव? देव त्या सोमवारीही बोलला नव्हता. आता ते देवाचं मौन की वासुदेवाचं, ते मात्र मी विचारलं नाही.

वयनी परत आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. सांगू नका म्हटलेलं माझ्या पोटात कधी राहिलं नाही. तिने ऐकलं आणि 'हां' म्हणाली. एवढंच. मग माझ्या पाठीमागे चढावरच्या घराकडे बघत राहिली.

तुळशीचं लग्न झालं. मी पिशव्या तपासल्या. बांधलेल्यांपैकी दोन कलमं अगदी सुरेख धरली होती, बाकीची गेली. भेटकलमात असं होतंच, दोन म्हणजे माझ्या दृष्टीने दिवाळीच. आधी अर्धा छेद दिला, आठवड्याने पूर्ण तोडली. त्यानंतरच्या सोमवारी वयनी परडी घेऊन देवळात गेली. रुंद, ताठ, पिवळ्याधमक पाकळ्या. गुरवाचं गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी खाली आली. महादेवाने देवाला नमस्कार करून खिशातून किल्ली काढली.

झाड पडलं तेव्हा वयनी दारापुढच्या बाल्कांवाच्या बाकावर बसून होती. रडली नाही. मीच रडले, आणि आमचे हे टेंपोच्या मागे जाऊन उभे राहिले. खोड आडवं झालं तरी सगळ्या अंगणात वास होता. मग ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "घे त्यो दोनय पिशव्यो. वयर जावंया."

"वर कुठे?"

"वासुदेवागेर."

इतके महिने ती कशासाठी शिडी चढत होती? चालता चालता तिने सांगितलं. तात्यांचं आता गावात जमणार नव्हतं. मुलाने म्हापशात फ्लॅट घेतलाय, संक्रांतीनंतर दोघांनी तिकडे जायचं ठरलं होतं. घराला कुलूप लागणार. हे तिला माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हाही ठाऊक होतं का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "अर्दें ठावक आसलां."

"मग मान वयल्या घराला जाऊ नये म्हणून एवढं?"

ती चढावर दम घ्यायला थांबली. "मान गेलो आनी मान दिलो, ह्यात फरक आसा गो."

वासुदेव दारात आला. वयनीने एक पिशवी त्याच्या हातात दिली, दुसरी त्याच्या बायकोच्या. वयनीने कुठलं भाषण केलं नाही. गाठीखालचे फुटवे खुडायला सांगितलं, गुरं लागू नयेत म्हणून कुंपण करायला सांगितलं आणि परडी पायरीवर ठेवून उतरायला लागली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ कलमं बांधली. ती कोणाच्या दारात गेली आणि तिथे काय झालं हे मला सहसा कळत नाही. त्या दिवशी कळलं, आणि आपण हा धंदा निवडला याचं मला फार बरं वाटलं.

पुढच्या पावसात एका कलमाला कळी आली. पहिलं फूल देवाला गेलं. दुसरं फूल वासुदेवाने फणसाच्या पानात गुंडाळलं आणि मला फोन केला, एकट्याने म्हापशाला जायची लाज वाटते म्हणून. मी गेले सोबत.

तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, जनेलाजवळच्या खुर्चीत तात्या बसले होते. वयनीने पान उघडलं, फूल नाकाशी धरलं आणि वासुदेवाला म्हणाली, "उशीरा काढलां. दिस वयर येवच्या आदीं काढूंक व्हया." वासुदेवाने शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

मग ती म्हणाली, "आमच्या घरचां झाड आसताना ह्या झाडाचां फूल केसांत घालूंक आमकां बंदी. देवाचां म्हणान. सासूयेन पयल्याच दिसा सांगलेलां. आता झाड तुमचां." आणि जनेलाच्या काचेत बघून तिने ते फूल अंबाड्यात खोवलं, हाताने चाचपून नीट बसवलं आणि तात्यांकडे वळून उभी राहिली.

तात्यांनी फूल बघितलं, तिला बघितलं. मग म्हणाले, "ह्यो मेलो रस्तो आदींच कित्याक आयलो नाय?"